परदेश पर्यटन : पारपत्र, व्हिसा आणि गावची नोंदवही

परदेशी सहल ही आता महानगरांतील मोजक्या धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी राहणारा शिक्षक, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कर्मचारी, द्राक्ष बागायतदार असे सारेच आज सहकुटुंब परदेश पाहण्याचा मनोदय बाळगतात. त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठविला जातो. परंतु तिकिटे व निवासाची व्यवस्था झाल्यावरही केवळ कागदपत्रांतील उणिवेमुळे बेत फसल्याची उदाहरणे घडतात. या कागदपत्रांपैकी कित्येकांचा उगम ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या दप्तरात असतो. म्हणूनच हा विषय केवळ प्रवाशांच्या जिव्हाळ्याचा नसून पंचायत सदस्य व शिक्षक यांच्याही कर्तव्याचा आहे.

हक्क आणि परवानगी

पारपत्र म्हणजेच पासपोर्ट आणि व्हिसा या दोन गोष्टींतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. परदेशी जाण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला. त्याच वर्षी संसदेने पारपत्र अधिनियम संमत केला. त्यामुळे पारपत्र नाकारावयाचे झाल्यास त्यास कायद्यातील कारण असावे लागते. व्हिसाचे तसे नाही. तो परक्या देशाने दिलेला प्रवेशाचा परवाना होय. कोणास प्रवेश द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार त्या देशाचा असतो आणि व्हिसा हाती असला तरी सीमेवरील अधिकारी पुन्हा चौकशी करू शकतो. नेपाळ व भूतान यांसारख्या शेजारी देशांत भारतीयांना व्हिसा लागत नाही. इतर देशांचे नियम मात्र भिन्न आहेत व ते वेळोवेळी बदलतात.

मूळ नोंद महत्त्वाची

व्हिसा अधिकारी अर्जदारास ओळखत नाही. त्याच्यासमोर असतात ती केवळ कागदपत्रे. एका कागदावर ‘किसन’, दुसऱ्यावर ‘किसनराव’. दाखल्यात एक जन्मतारीख, आधारपत्रात दुसरी. विवाहापूर्वीचे नाव एका ठिकाणी, विवाहानंतरचे दुसऱ्या ठिकाणी, अशी विसंगती दिसली की शंकेस जागा होते. विवाहानंतर पारपत्रातील नाव बदललेच पाहिजे असे बंधन नाही. मात्र जे नाव धारण केले असेल ते सर्वत्र एकच असावे.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत तर जन्म-प्रमाणपत्र हाच पारपत्रासाठी जन्मतारखेचा एकमेव पुरावा मानला जातो. त्यापूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला व अन्य काही कागदपत्रे चालतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करून घेणे, नाव अचूक लिहिणे आणि शाळेच्या नोंदवहीत तेच नाव उतरविणे, ही कामे वरकरणी क्षुल्लक वाटतात. पण आज घाईने लिहिलेले एक अक्षर वीस वर्षांनंतर एखाद्या विद्यार्थ्याची वाट अडवू शकते.

पारपत्राचा अर्ज आता संगणकीय पद्धतीने भरावा लागतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथे प्रादेशिक कार्यालये आहेत, तर २०१७ पासून देशभरातील अनेक टपाल कार्यालयांतही सेवा केंद्रे उघडण्यात आली आहेत. प्रौढांचे पारपत्र १० वर्षांसाठी असते. शासकीय कर्मचाऱ्यांनी पारपत्राच्या अर्जासाठी आपल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे वा कार्यालयास विहित नमुन्यात पूर्वसूचना द्यावी. प्रत्यक्ष प्रवासासाठी रजेची व परदेशगमनाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

शेंगेन व्हिसाचे उदाहरण

उदाहरणादाखल युरोपची सहल घेऊ. लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी १९८५ मध्ये पाच देशांनी करार करून आपसांतील सीमांवरील तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. १९९५ पासून तो अमलात आला. २०२५ च्या प्रारंभी रुमानिया व बल्गेरिया पूर्णपणे सामील झाल्यावर या क्षेत्रातील देशांची संख्या २९ झाली. एका व्हिसावर या सर्व देशांत हिंडता येते. मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. ब्रिटन व आयर्लंड या क्षेत्रात नाहीत. सहलीत लंडनचा समावेश असल्यास ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो.

अर्ज कोणत्या देशाकडे करावा, याविषयी पुष्कळांचा घोटाळा होतो. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा; मुक्काम समान असल्यास ज्या देशात प्रथम प्रवेश होणार, त्याकडे. फ्रान्समध्ये तीन, स्वित्झर्लंडमध्ये पाच व इटलीत दोन दिवस असा बेत असेल, तर विमान पॅरिसला उतरत असले तरी अर्ज स्वित्झर्लंडकडेच करावा लागतो.

अर्जासोबत पुढील बाबी सिद्ध कराव्या लागतात. पारपत्र मागील १० वर्षांत दिलेले असावे, परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा हवा. याखेरीज मुक्कामाची व्यवस्था, परतीचे आरक्षण, बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्र व नोकरदारास रजेचे पत्र जोडावे लागते. शेतकऱ्यास सातबारा उतारा व मालविक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडता येतात. या सर्वांचा हेतू एकच असतो : अर्जदार स्वखर्चाने जाईल आणि मुदतीत मायदेशी परत येईल, अशी खात्री पटविणे. अर्जाच्या तोंडावर कोणाकडून उसनी आणून खात्यात भरलेली मोठी रक्कम ही खात्री देत नाही. उलट संशय वाढविते.

वेळ आणि खर्च

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी जास्तीत जास्त सहा महिने व किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णय सामान्यतः १५ दिवसांत होतो. अधिक चौकशीची गरज भासल्यास ४५ दिवसही लागू शकतात. शिवाय उन्हाळी हंगामात अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रांत वेळ मिळणे कठीण होते. म्हणून मे महिन्यातील सहलीसाठी पारपत्राचे काम दिवाळीपूर्वी आटोपावे व व्हिसाचा अर्ज फेब्रुवारीच्या आत द्यावा, हे उत्तम.

जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो व ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो शुल्क ठरविण्यात आले. सहा वर्षांखालील मुलांस शुल्क नाही. म्हणजे पती, पत्नी व आठ वर्षांचे मूल यांस २२५ युरो आणि त्यावर केंद्राचे सेवाशुल्क द्यावे लागते. अर्ज नाकारला गेला तरी हे शुल्क परत मिळत नाही. यास्तव व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येण्याजोगे आरक्षणच करावे.

नकार आणि फसवणूक

अर्ज नाकारल्यास त्याची कारणे लेखी कळविली जातात. त्या निर्णयाविरुद्ध संबंधित देशाच्या कायद्यानुसार दाद मागता येते किंवा उणीव दूर करून नवा अर्ज करता येतो. मात्र खोटे कागद जोडल्याचे उघड झाल्यास पुढील अर्जांवरही त्याची छाया पडते. आपल्याकडेही पारपत्रासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा १९६७ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे.

याहून गंभीर धोका असतो तो पर्यटक व्हिसावर नोकरीस पाठविणाऱ्या दलालांचा. पर्यटक व्हिसावर काम करण्याची मुभा नसते. अशा रीतीने गेलेला तरुण तेथे बेकायदा ठरतो व वेतन बुडाले तरी तक्रार करण्यास धजत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यांना १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने नोंदणी बंधनकारक केली, ती याच कारणासाठी. ‘आधी पर्यटक म्हणून जा, पुढचे पाहू’ असे सांगणारा मनुष्य गावात फिरत असेल, तर पंचायत सदस्यांनी त्याच्याकडे नोंदणीपत्र मागावे आणि संबंधित कुटुंबास वेळीच सावध करावे.

परदेश पर्यटनाने दृष्टी विशाल होते, हे खरेच. पण त्या प्रवासाचे पहिले पाऊल विमानतळावर पडत नाही. ते पडते ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत आणि शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत. त्या नोंदी अचूक ठेवणे व अर्ज सत्यास धरून करणे, एवढी दक्षता घेतली तर सामान्य कुटुंबाच्या कष्टाच्या पैशाचे चीज होईल.