प्लॅस्टिक सर्जरीत प्लॅस्टिक नसते!

गेल्या वर्षी एक शेतकरी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आला. चुलीपाशी ओढणी पेटून तिचा गळा भाजला होता. जखम भरली, पण भरताना कातडी आखडली आणि हनुवटी छातीकडे ओढली गेली. मुलीला वर पाहता येईना. मी प्लॅस्टिक सर्जरीचे नाव काढताच बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ती नटनट्यांची कामं. पोरीला प्लॅस्टिक कशाला बसवायचं?"

हा गैरसमज अनेकांचा असतो. ‘प्लॅस्टिक’ हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ ‘आकार देणे’. भाजलेल्या भागावर लावतात ती रुग्णाची स्वतःचीच कातडी.

याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली त्वचारोपण. मांडीवरचा कातडीचा पातळ थर काढून जखमेवर पसरतात. चार-पाच दिवसांत जखमेतल्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात व तो जगतो. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरते.

मात्र उघड्या हाडावर असा थर जगत नाही. तिथे ‘फ्लॅप’ लागतो. फ्लॅप म्हणजे कातडीचा जाड पदर. एक टोक मूळ जागी जोडलेले ठेवायचे, म्हणजे रक्त मिळत राहते. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेतला गाडीवान कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने मेणाने नाकाचे माप घेतले, त्या मापाची कपाळाची कातडी सोडवली, ती खाली वळवून नाक घडवले. दोन भुवयांमधला सांधा सुमारे २५ दिवस तोडला नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिगत छापली. १८१४ साली डॉ. कार्प्यू यांनी तिथे याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. कपाळाचा फ्लॅप सर्जन आजही वापरतात.

त्या मुलीच्या गळ्यावरची आखडलेली कातडी सर्जननी मोकळी केली व तिथे मांडीची कातडी लावली. रोपण केलेली कातडीही आखडते, म्हणून मानेचा पट्टा कित्येक महिने वापरावा लागला. आता ती फळ्यावरचे सरळ मान ठेवून वाचते.

एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीची मलमपट्टी मीच केली होती. "जखम भरली, आता काळजी नको," असे मी सांगितले. तिथेच चुकलो.

म्हणून वाचकहो, गळा भाजलेल्या माणसाला उशी देऊ नका. खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मान मागे राहू द्या. हात, कोपर, गुडघा भाजल्यास सांधा कसा ठेवायचा व व्यायाम कधी सुरू करायचा, हे पहिल्याच दिवसापासून डॉक्टरांना विचारा. तीन आठवड्यांत जखम भरणार नाही असे दिसले, तर थांबू नका. प्लॅस्टिक सर्जनचा सल्ला घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. जखम भरणे म्हणजे बरे होणे नव्हे. सांधा पूर्ववत हलला पाहिजे.