मोटारीचे दिवे कां मंदावतात?

उसाचा हंगाम लागला कीं सांगलीकडील रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर धांवूं लागतात. पुण्याहून साताऱ्यास येतांना लागणारा खंबाटकी घाटहि रात्रीं निवांत नसतो. अशा वाटेवर वाहनाचे दिवे मंदावले, तर प्रश्न जिवाचा होतो.

दोष शोधावयाचा तो क्रमानें. दोन्ही दिवे विझले असतील, तर फ्यूज व स्विच तपासावे; दोन्ही मंद असतील, तर बॅटरीच्या टोकांवरील गंज पाहावा. एकच विझला असेल, तर प्रथम बल्ब बदलून पाहावा. एकच मंद असेल, तर मात्र परतीच्या मार्गाचा संशय घ्यावा. वीज बॅटरीकडे परत नेण्याचें काम बहुधा वाहनाचा लोखंडी सांगाडाच करतो. तेथील सांधा गंजला म्हणजे प्रवाह अडखळतो. आणि विद्युद्दाब १० टक्क्यांनीं घटला, तर तंतूच्या बल्बाचा प्रकाश सुमारें ३० टक्क्यांनीं उतरतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक तार थेट दिव्याच्या अर्थिंगच्या सांध्यास लावून पाहावी. प्रकाश वाढला, तर दोष सांपडला. सांधा घासून घट्ट आवळावा.

वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागीं जाड तार बसविण्याचा मोह मात्र टाळावा. फ्यूज वितळतो तो तारा वांचाव्या म्हणून. तें संरक्षण गेलें, कीं वाहनच पेट घेण्याची भीति उरते.