प्रबंधाचे पहिले वाचक

विज्ञान शाखेतले पीएचडीचे विद्यार्थी एकमेकांचे कच्चे लेखन वाचायला ठरलेल्या दिवशी जमतात, तो लेखनगट. त्यात गाईड नसतो आणि हेच गटाचे खरे बळ आहे. गाईडला प्रयोग आधीच पाठ असतो. लिहिण्यात गाळलेली पायरी तो नकळत मनातल्या मनात भरून काढतो. शेजारच्या लॅबमधल्या विद्यार्थ्याला ते जमत नाही. तो अडतो, विचारतो आणि तिथून दुरुस्ती सुरू होते.

शिक्षकाविना चालणाऱ्या अशा वर्गाची मांडणी अमेरिकी अभ्यासक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात केली. वाचणाऱ्याने निकाल द्यायचा नाही, वाचताना मनात काय झाले ते सांगायचे. लिहिणाऱ्याने खुलासे न करता ऐकायचे. विज्ञानात ही रीत आकृत्यांच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते. आलेख आणि त्याखालचा मजकूर एवढेच पाहून निष्कर्ष सांगायला लावावे. उत्तर भलतेच आले, तर अक्षांची नावे, एकके किंवा तुलनेचा ‘कंट्रोल’ यांपैकी काहीतरी बहुधा सुटलेले असते. चारपाच जण आणि दोन दिवस आधी पाठवलेली पाचसहा पाने एका बैठकीला पुरतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर अडलेला मुद्दा आधी मराठीत बोलून मोकळा करता येतो. इंग्रजी व्याकरण शेवटी सुधारता येते. तर्कातली फट मात्र आधीच बुजवावी लागते.

दुसऱ्या प्रकारचा गट मजकूर वाचत नाही, शब्द पाळला का ते पाहतो. मानसशास्त्रज्ञ पॉल सिल्व्हिया यांनी ‘हाऊ टू राइट अ लॉट’ (२००७) या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. आठवड्याचे उद्दिष्ट लिहून ठेवायचे आणि पुढच्या बैठकीत ते तपासायचे. ‘प्रकरण पुढे नेईन’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘पद्धती विभागाचे दोनशे शब्द लिहीन’ हे उद्दिष्ट. विद्यार्थ्यांचा गट प्राध्यापकांपासून वेगळा असलेलाच बरा, कारण वरिष्ठांसमोर राहिलेले काम कबूल करणे जड जाते.

अप्रकाशित निष्कर्ष गटात आणण्यापूर्वी गाईड आणि सहलेखकांची परवानगी घ्यावी. पेटंटचा अर्ज व्हायचा असेल, तर तो भाग आणूच नये. केवळ भाषा सुधारून कोणी सहलेखक होत नाही, असे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम सांगतात. गटातल्या वाचकांची जागा ऋणनिर्देशात, आणि तिथे त्यांची नावे त्यांना विचारून घालावीत.