जप्त बोट लावायची कुठे?

वाळूचा डंपर पकडला की महसूलच्या पथकाचं काम सोपं असतं. चावी काढून घ्यायची आणि गाडी तहसीलच्या आवारात आणून लावायची. बोटीचं तसं नाही.

श्रीगोंदा-कर्जतकडे, घोड आणि भीमेच्या पात्रात, या बोटी जोडीनं चालतात. सेक्शन बोटीवरचं इंजिन तळाची वाळू पाण्यासकट ओढतं, शेजारच्या फायबर बोटीत ती पडते आणि काठावर जाते. चोरून वाळू उपसली तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होतो, यंत्रंही जप्त करता येतात. जप्त केलेलं धूड ठेवायचं कुठे, हे मात्र गाळात उभ्या असलेल्या तलाठ्यानं बघायचं!

पथक निघाल्याची खबर बहुतेक वेळा आधीच नदीवर पोचलेली असते. भीमेच्या अलीकडे श्रीगोंदा-कर्जतचा आपला जिल्हा, पलीकडे दौंड, म्हणजे पुणे. जीप दिसली की बोट सरळ दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून तर दोन्हीकडच्या तहसीलदारांना एकदमच उतरावं लागतं. एवढं करून बोट सापडली, तर मजूर पाण्यात उड्या टाकून पसार. मालक म्हणून कुणीच पुढे येत नाही. पंचनाम्यात ‘अज्ञात इसम’ येतो, आणि पंच म्हणून सही करायला गावातला माणूस मिळता मिळत नाही.

बोट बाहेर काढायची तर क्रेन हवी. नदीकाठच्या उसातून क्रेन आणायची कुठून? पोलीस पाटलाच्या ताब्यात द्यावी, तर त्याच्या दारात म्हैस बांधायलाही जागा पुरत नाही. काठालाच बांधून ठेवली, तर सकाळपर्यंत ती तिथे राहील याची हमी कोण देणार?

म्हणून मग बोट जिलेटिननं तिथेच उडवून देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात पाण्याच्या उंच कारंज्याचा फोटो येतो, खाली लाखोंचा मुद्देमाल नष्ट केल्याची बातमी. वाचणाऱ्याला शौर्य दिसतं. माझ्या मते त्यातलं निम्मं पार्किंगच्या अडचणीतून आलेलं असतं.

तोटा असा की बोटीबरोबर पुरावाही बुडतो. वात पेटवण्याआधी इंजिनाचा नंबर पंचनाम्यात उतरवून घ्यायला हवा. विकणाऱ्यामार्फत मालकापर्यंत पोचायची तेवढी एकच वाट उरते.