पद्मिनीचा पंप, पद्मिनीचे गिअर

संपादकांनी प्रीमियर पद्मिनीवर लिहायला सांगितलं होतं. कुर्ल्याच्या गॅरेजात मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि मी तिच्या पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपापाशीच थांबलो.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७०च्या दशकात तीच पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. ऑक्टोबर २०२३मध्ये काळी-पिवळी पद्मिनी मुंबईतून निवृत्त झाली. घरोघरी जपलेल्या गाड्या अजून दुरुस्तीला येतात.

एसी पंप इंजिनाच्याच अंगावर बसतो. कॅमशाफ्ट फिरला की आतला रबरी पडदा खालीवर होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. किती साधी, किती देखणी रचना! पण ओढताना पाइपातला दाब कमी होतो, त्यात इंजिनाची धग. पेट्रोलची वाफ होते आणि पडदा नुसती वाफच चावत बसतो. मे महिन्यात कसारा घाटात पंपावर ओलं फडकं टाकून थांबलेली फियाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुना पडदा, जुने पाइप त्याने फुगतात, चिरतात. तेवढ्याच हवेला हे इंधन थोडं जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरचा जेटही मोठा करावा लागतो. मिस्त्री टाकी धुतात, इथेनॉल सोसणारे पाइप घालतात आणि टाकीजवळ विजेवरचा पंप बसवतात. तो ओढत नाही, ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. मात्र तो कमी दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप तीन बारच्या आसपास दाब देतो. कार्बोरेटरच्या सुईला जेमतेम पाव बार झेपतो. चुकीचा पंप लावला तर पेट्रोल ओव्हर होऊन तापलेल्या इंजिनावर सांडेल. इंजिन बंद पडताच पंपही थांबवणारी रिले हवीच. “ती नसेल तर गाडी बाहेर सोडत नाही,” मिस्त्री म्हणाले. त्यांचा हा हट्ट मला फार मोलाचा वाटला.

गिअरबॉक्सचं प्रकरण अवघड आहे. मूळ पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, दांड्याचे बुश झिजले की गिअर अडकतो. म्हणून अनेकांना प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीची पेटी हवी असते. पण ती निस्सानच्या इंजिनासाठी केलेली. मधलं बेल हाउसिंग जुळवायचं, क्लचप्लेटचे दाते पाहायचे, प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करायचा, आधाराची पट्टी सरकवायची, आणि दांड्यासाठी गाडीचा तळ कापायचा.

कापलेला तळ मला सलतो. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असली तरच. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी गाठली आहे. तळ कापला तर तो दरवाजा बंद होऊ शकतो. काढलेला एसी पंप मात्र दोन बोल्टांवर परत जागी बसतो. मिस्त्री तो साफ करून, तेल लावून मालकाच्याच हाती देतात. पेट्रोलचं काम आजच करून घ्यावं. गिअरला नवे बुश घालावेत, पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा, आणि तळाला करवत लावू नये.