आयसीयूतली हजेरी

संसर्ग कोणाच्या खात्यावर?

रुग्ण तापाने फणफणत आला, तर तो संसर्ग घरून आणलेला. दाखल होऊन 48 तास उलटल्यावर नवा संसर्ग उद्भवला, तर तो रुग्णालयाच्या खात्यावर. नियम ढोबळ आहे, पण मोजणी इथूनच सुरू होते. आयसीयूत जिवाणू बहुतेकदा नळ्यांच्या वाटेने शिरतात: सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, व्हेंटिलेटरची नळी.

नळ्यांची मोजदाद

रोज ठरलेल्या वेळी सिस्टर वही घेऊन खाटांवरून फिरतात. आज लाइन कोणाकोणाला आहे? एका रुग्णाची एका दिवसाची लाइन म्हणजे एक 'लाइन-दिवस'. महिन्यात 300 लाइन-दिवस भरले आणि लाइनमुळे रक्तात झालेले 3 संसर्ग सापडले, तर दर हजार लाइन-दिवसांमागे 10. नुसत्या 'तीन'वरून काहीच कळत नाही. कंटाळवाणे काम आहे. सुट्टीच्या दिवशी हमखास राहून जाते आणि मग सगळा हिशेब चुकतो.

औषध चालते का?

लॅबमध्ये ताटलीवर जिवाणूंचा पातळ थर देऊन त्यावर प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल, तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. कार्बापेनेम गटातल्या मेरोपेनेमच्या चकतीला थर अगदी भिडलेला दिसला, की डॉक्टरांपुढे फार थोडी औषधे उरतात. क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर या जिवाणूंची ही खोड जुनी आहे. प्रतिरोधाचा वर्षाचा तक्ता करताना एका रुग्णाचा तोच जिवाणू एकदाच धरायचा. नाहीतर दीर्घकाळ पडून असलेला एकच रुग्ण सारी टक्केवारी फुगवतो.

मुंबईचा धडा

2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जिवाणूंचे 24 नमुने तपासले. 22 मध्ये एनडीएम-1 (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे प्रतिरोध देणारे जनुक निघाले. जनुकाच्या नावातल्या 'नवी दिल्ली'वरून मग बराच गदारोळ झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) प्रतिरोधावर पाळत ठेवणारे जाळे उभारले ते 2013मध्ये.

शून्य दिसले तर

एखादे रुग्णालय 'आमच्याकडे संसर्ग शून्य' म्हणाले, तर मला आधी शंका येते. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याचा, खर्च अनेकदा नातेवाइकांवर पडतो, म्हणून ते टाळले जाते. प्रतिजैविक सुरू करून मग रक्त घेतले, तर बाटलीत काही उगवेलच असे नाही. म्हणून शून्याशेजारी आणखी एक आकडा मागावा: त्या महिन्यात ब्लड कल्चरच्या बाटल्या लॅबकडे किती गेल्या?