एका फाटकाला पाच कुलपे

तुमच्या मळ्याच्या फाटकाला किती कुलपे असतात? एकच. आणि त्याची किल्ली घरधन्याच्या करगोट्याला, नाहीतर देवळीत. पण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एकेका फाटकाला चार-चार, पाच-पाच कुलपे दिसतात. कुलपात कुलूप अडकवून त्यांची साखळी केलेली असते. त्यातले कुठलेही एक काढले की फाटक उघडते. एवढी कुलपे कशाला, ते आज पाहू.

टेक्सासच्या दक्षिणेला मेक्सिको हा देश. मध्ये रिओ ग्रँड नदी. ही नदीच दोन देशांची सरहद्द. टेक्सासपुरती तिची लांबी सुमारे २,००० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून रेल्वेने दिल्लीला जावे आणि निम्मी वाट परत यावे, एवढी. इकडची जमीन बहुतेक सगळी खाजगी मालकीची. शेते थोडी, गुरांची कुरणे फार. एकेका मालकाची हजारो एकर. त्यात मेस्किट नावाची काटेरी झाडे माजलेली. आपल्याकडची वेडी बाभूळ तिच्याच कुळातली, बरं का. उन्हाळा आपल्या वैशाखासारखा.

या जमिनीखाली तेल आहे. २००८ साली ला साल या भागात तीन किलोमीटरांहून खोल खडकात ते लागले. त्या खडकाला ईगल फोर्ड म्हणतात. तिथला कायदा आपल्याला नवलाचा वाटेल. वरची जमीन एकाची आणि खालचे तेल दुसऱ्याचे, असे तिथे असू शकते. तेलवाल्याला तेल काढण्यापुरता वरच्या जमिनीचा वापर करण्याचा हक्क असतो. कुरणाचा मालक ‘माझ्या रानात येऊ नका’ असे त्याला म्हणू शकत नाही. आपल्याकडे तेल काढण्याचा परवाना सरकार देते. मुंबईच्या समुद्रात तेल निघते, पण तिथे ना कुणाचे कुरण, ना कुणाचा बांध.

विहीर खोदायची म्हणजे रान तोडून रस्ते आले. पाण्याच्या, वाळूच्या, नळांच्या गाड्या आल्या. एकेका विहिरीपायी शेकडो फेऱ्या होतात, आणि त्या रात्रंदिवस चालू. एक कुलूप मालकाचे, एक तेल कंपनीचे, एक नळवाल्यांचे, एक वीजवाल्यांचे, एक शिकारीचा ठेका घेणाऱ्यांचे. झाली पाच. पूर्वी मालकाला रानातली प्रत्येक गाडी ओळखू येई. आता कोण आपला आणि कोण परका, हे त्याला सांगता येत नाही.

चोरटी वाहतूक करणाराला हेच हवे असते. तो माणसे आणतो, गांजाही आणतो. पोटासाठी, नाहीतर आपल्या देशातल्या मारामारीला भिऊन निघालेली ही माणसे. त्यांच्याकडून तो मोठी रक्कम घेतो. लोक त्याला ‘कोयोटे’ म्हणतात. कोयोटे म्हणजे तिकडचा कोल्हा. नाव चपखल आहे.

नदी ओलांडली म्हणजे सुटका झाली असे नाही. सरहद्दीच्या पोलिसांचे नाके आत महामार्गांवरही आहेत. फाल्फुरियास गावाजवळचा नाका तर नदीपासून सुमारे ११० किलोमीटर आत आहे. तो चुकवायचा तर कुणाच्या तरी कुरणातूनच जावे लागते. तेलाचे रस्ते त्याला आयते मिळाले. तेल कंपनीच्या गाड्यांसारखा रंग दिलेल्या, तसेच नाव लिहिलेल्या खोट्या गाड्या पोलिसांनी पकडलेल्या आहेत. डोक्यावर कामगाराची टोपी, अंगात चमकत्या पट्ट्यांची बंडी. कोण अडवणार?

सरकारनेही काही उपाय केले. सरहद्दीपासून ४० किलोमीटरांपर्यंत तिचे पोलीस गस्तीसाठी मालकाला न विचारता त्याच्या जमिनीत जाऊ शकतात. राहत्या घरात मात्र नाही. २०१२ पासून राज्याच्या पोलिसांनी शिकारी लोक वापरतात तसले स्वस्त कॅमेरे मालकांच्या संमतीने रानात बसवले. पुष्कळ मालकांना हे हवेच असते. पण सगळ्यांना नाही. २०१७ साली एका मालकाला आपल्या झाडावर न विचारता लावलेला कॅमेरा सापडला. त्याने तो काढून घेतला आणि सरकारलाच कोर्टात खेचले. मला त्यात त्याची चूक दिसत नाही. चोराने कुंपण तोडले तरी नुकसान त्याचेच, आणि पोलिसाने फाटक उघडे टाकून गुरे रस्त्यावर गेली तरी नुकसान त्याचेच.

पण गुरांहून मोठे नुकसान माणसांचे होते. नाका यायच्या आधी कोयोटे माणसांना गाडीतून उतरवतो आणि रानातून चालवतो. वाळूत पाय रुततात, पाणी संपते. जो मागे पडला त्याला सोडून पुढे जातात. फाल्फुरियास ज्या भागात आहे, त्या एका ब्रुक्स भागात २०१२ साली १२९ मृतदेह सापडले. पुढे काही स्वयंसेवकांनी मालकांची परवानगी काढून निळी पिपे ठेवली. त्यात पिण्याचे पाणी असते. लांबून दिसावे म्हणून वर उंच निशाण लावतात. २०२५ साली नदी ओलांडून येणारांची संख्या फारच कमी झाली. तरी वाट माहीत असलेला कोयोटे आहेच.

मोठ्या विहिरींच्या फाटकावर कंपनी राखणदार ठेवते. बहुधा नोकरीतून निवृत्त झालेले नवरा-बायको असतात. फाटकापाशीच चाकांच्या घरात राहतात. रस्त्यावर रबराची नळी आडवी टाकलेली असते. तिच्यावरून चाक गेले की घंटा वाजते. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन, एकाने उठायचे. गाडीचा नंबर, वेळ, चालकाचे नाव वहीत लिहायचे. पोलीस आले म्हणजे आधी ती वही मागतात.

तेलाचा भाव पडला की विहिरींचे काम थांबते. २०२० साली तसेच झाले. मग राखणदार जातो, घंटा जाते. रस्ते आणि कुलपांची साखळी तेवढी मागे राहते. मालक सकाळी गाडी काढतो आणि एकेका फाटकावर उतरून कुलपे मोजतो. काल पाच होती. आज सहावे कुणाचे?